स्मॉल क्लेम्स कोर्ट, दक्षिण आफ्रिका: एका निवृत्त नाझराचा अभिप्राय (पाचपैकी चार तारे)

लोक शेवभाजीला तारे देतात, मिक्सरला देतात, लॉजच्या चादरींना देतात. मी कोर्टाला देतोय, दक्षिण आफ्रिकेतल्या लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाला. आधी बेलिफ (घरोघर समन्स बजावणारा), मग लिपिक आणि शेवटी अमळनेरला नाझर (बजावणी आणि वसुलीच्या शाखेचा प्रमुख), अशी सगळी नोकरी माझी दिवाणी कोर्टात गेली. समन्स बजावणं, जप्ती, दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज), वसुलीची रजिस्टरं यातच केस पांढरे झाले. म्हणून दुसऱ्या कोणाच्या देशातलं कोर्ट जरी बघितलं तरी माझी नजर आधी न्यायाधीशाच्या खुर्चीकडे जात नाही. समन्स कोण बजावतो आणि पैसे कोण वसूल करून देतो, हे मी आधी बघतो.

प्रकरण भाच्याचं. पोरगा धरणगावचा, ठिबकच्या कामात आहे आणि गेली काही वर्षं जोहान्सबर्गला असतो. तिथला भाड्याचा फ्लॅट सोडला. घरमालकाकडे दोन महिन्यांचं डिपॉझिट होतं, २२,५०० रँड. मालक म्हणाला, रंग गेला, गिझर बिघडला, गालिचावर डाग पडला, परत काही मिळणार नाही. आपल्या पैशात धरलं तर लाखाच्या आसपास रक्कम. ताईला वाटलं, पोरगं परक्या देशात कोर्टात गेलं म्हणजे आता पासपोर्टच जप्त होणार. तिने मला फोन लावला. मी म्हटलं, ताई, आधी कागद बघू दे.

तिकडचे कायदे आणि निकाल सॅफली नावाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. लॉगिन नाही, वर्गणी नाही, सरळ निवाडा उघडतो. दुपारचं जेवण झालं की मी चष्मा लावून बसायचो. या सेवेला वेगळे पाच तारे द्यायला हवेत, कारण माझ्यासारख्या नुसत्या बी.कॉम. माणसालाही भाडेकायदा मुळातून वाचता आला. त्यात आमच्या कामाचं एक कलम सापडलं. १९९९ च्या रेंटल हाउसिंग ॲक्टप्रमाणे भाडेकरू घर सोडताना मालकाने त्याच्यासोबत घराची पाहणी करायची असते. मालकाने पाहणीच केली नाही, तर घर चांगल्या स्थितीत परत मिळालं असं त्याने मान्य केलं, असं धरलं जातं. शिवाय डिपॉझिट व्याजाच्या खात्यात ठेवायचं आणि व्याजासकट परत करायचं. भाच्याला विचारलं, पाहणी झाली होती का? तो म्हणाला, "मामा, त्यांनी नुसती चावी घेतली दारात उभं राहून." मी म्हटलं, झालं, तुझं निम्मं काम त्यानेच करून ठेवलंय.

आता मुख्य माल, म्हणजे ते कोर्ट.

१९८४ चा कायदा आहे. वीस हजार रँडपर्यंतचे दावे चालतात; ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासूनची, त्याआधी पंधरा हजार होती. भाच्याचे होते साडेबावीस. वरचे अडीच हजार सोडून द्यायची तयारी असेल तर दावा इथे लावता येतो. आम्ही सोडले. अडीच हजारांसाठी वरच्या कोर्टात वकील लावायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कोर्ट फी नाही. आत वकील चालत नाही. बाहेर सल्ला खुशाल घ्या, पण आत तुमचं तुम्हीच बोलायचं, आणि समोरच्यालाही तोच नियम. कंपनीला इथे दावा लावता येत नाही, मात्र कंपनीवर लावता येतो. म्हणजे मोठ्या दुकानदाराला गिऱ्हाइकावर हे हत्यार उगारता येत नाही, गिऱ्हाइकाला त्याच्यावर उगारता येतं. ज्याने कोणी हे कलम लिहिलं त्याला कोर्टाच्या व्हरांड्यातलं जग ठाऊक होतं.

हे मी आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर सांगितलं. तिथे माझ्यासोबतचे एक जुने बेलिफ असतात, फापोरे रस्त्याला राहतात. चहाचा कप हातातच धरून म्हणाले, "वकील नही, मंग ते कोर्ट कसानं?" शेजारी बसलेले वकीलसाहेब हसले, पण फारसे नाही.

बसायला तिथे न्यायाधीश नसतो, कमिशनर असतो. हे कमिशनर म्हणजे अनुभवी वकील वगैरे मंडळी, आणि या कामाचा ते एक रँडही घेत नाहीत. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळी मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या इमारतीत येऊन लोकांची डिपॉझिटं आणि उसनवाऱ्या ऐकायच्या. फुकट काम करणाऱ्या वकिलावर माझा सहजासहजी विश्वास बसत नाही, पण कायद्यात तसंच आहे आणि भाच्याने डोळ्यांनी बघितलं.

सुरुवात मागणीच्या पत्राने होते. समोरच्याला लेखी कळवायचं की इतके पैसे, या कारणासाठी, चौदा दिवसांत दे. पत्र मी इथून मराठीत सांगितलं, त्याने इंग्रजीत उतरवलं. पहिल्या खर्ड्यात त्याने मालकाचा स्वभाव, मालकाच्या बायकोचं बोलणं, शेजाऱ्याचं कुत्रं असं सगळं भरलं होतं. मी म्हटलं, बाबा, दाव्यात राग लिहायचा नसतो. करार कधीचा, पैसे कधी दिले, चावी कधी दिली, पाहणी झाली नाही, रक्कम अमुक. एक पान, खाली सही. दुसरी प्रत घेऊन जा आणि पोच घे. मालकाने पोच दिली, नावासकट. तिथेच मला वाटलं, गडी जरा बेफिकीर आहे.

चौदा दिवस कोरडे गेले. मग कोर्टाच्या क्लार्ककडून समन्स निघालं. आणि इथे मी खुर्चीतून उठलो, कारण क्लार्कने ते समन्स भाच्याच्याच हातात दिलं! पक्षकारानेच जाऊन बजावायचं, किंवा शेरीफची फी भरून त्याच्याकडून बजावून घ्यायचं. आपल्याकडे वादीने स्वतः समन्स नेऊन दिलं असतं तर मारामारीचा दुसरा गुन्हा तिथेच दाखल झाला असता. भाच्याला मी म्हटलं, तू जाऊ नको, शेरीफला दे. शेरीफ म्हणजे त्यांचा बेलिफ, पण पगारी नाही. मंत्र्याने नेमलेला आणि ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे फी घेऊन काम करणारा. आमच्या जुन्या बेलिफांना हे कळल्यावर ते बराच वेळ हिशेब करत बसले होते, महिन्याला किती समन्सं बजावली असती आणि किती झाले असते.

सुनावणीचं मला सगळं भाच्याच्या तोंडून कळलं. खोली साधी, वर फॅन, बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसलेली माणसं. कोणाचा गाडीच्या गॅरेजवाल्याशी वाद, कोणाचा लग्नाच्या फोटोग्राफरशी. कमिशनर बाई होत्या. इथे उलटतपासणी वगैरे नाही. प्रश्न विचारायचं काम कमिशनरचं. त्यांनी करार बघितला, बँकेची नोंद बघितली, भाच्याने चावी देण्याआधी काढलेले फोटो बघितले. हे फोटो माझ्या सांगण्यावरून कागदावर छापून नेले होते, मागे तारीख घालून. मोबाइल पुढे करून "मॅडम, हे बघा" म्हणणारा पक्षकार मी जन्मभर बघितलाय, त्याचा मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. भिंतीला तीन खिळ्यांची भोकं होती, ती भाच्याने स्वतःच दाखवली. बाईंनी मालकाला एकच विचारलं, भाडेकरूसोबत घराची पाहणी कधी केली? मालक गिझरचं सांगायला लागला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तो गालिचाचं सांगायला लागला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, वेळ नव्हता.

निकाल तिथल्या तिथे. खिळ्यांच्या भोकांपोटी थोडी रक्कम कापून बाकी सगळी भाच्याला. मालकाने हप्ते मागितले. बाईंनी त्याला उत्पन्नाचं दोन-चार वाक्यांत विचारलं आणि तीन हप्ते बांधून दिले. भाच्याने रात्री फोन केला, तेव्हा इथे साडेदहा होऊन गेले होते. "मामा, जिकी गऊत!" परदेशात एवढी वर्षं राहिला, पण जिंकल्यावर तोंडातून अहिराणीच निघाली.

एक तारा मी कुठे कापला? अपिलाच्या ठिकाणी नाही, हे आधी सांगतो. इथल्या निकालावर अपील नाही. फक्त हाय कोर्टात पुनरीक्षण, तेही अधिकारच नव्हता, पक्षपात केला किंवा कामकाजात मोठी गडबड झाली अशा मोजक्या कारणांवर. आमच्या वकीलसाहेबांना हे पटलं नाही. ते म्हणाले, कमिशनर चुकला तर? मी म्हटलं, साहेब, लाखभर रुपयांच्या भांडणात तीन अपिलं झाली तर बरोबर निकाल लागतो खरा, पण तो घ्यायला वारस येतात. त्यांनी चहा संपवला.

तारा कापला तो वसुलीसाठी. पहिला हप्ता आला. दुसरा आला नाही. आणि मग कळलं की ज्या कोर्टाने निकाल दिला ते कोर्ट वसुली करून देत नाही. त्यासाठी मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे जायचं, जप्तीचं वॉरंट काढायचं, शेरीफची फी आधी आपण भरायची, मग ती देणेकऱ्याच्या नावावर चढते. म्हणजे दावा लावायला फुकट, पण पैसे हातात पडायच्या वेळी खिशात हात घालावाच लागतो. ज्याचं सगळं डिपॉझिटच अडकलंय तो माणूस ही फी कुठून आणणार? या ठिकाणी आपण आणि ते सारखेच. मी नाझर असताना हुकूमनाम्याची नक्कल छातीशी धरून येणारे पक्षकार बघितलेत. त्यांना वाटायचं, आता पैसे खिडकीवर मिळतील. मी त्यांना दरखास्तीचा अर्ज द्यायचो.

आणखी एक लहानशी तक्रार. आपल्याकडे आता सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकला की घरबसल्या पुढची तारीख, रोजनामा, सगळं मोबाइलवर दिसतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत झालेलं हे सगळ्यात चांगलं काम. भाच्याला त्याच्या कोर्टात अशी सोय मिळाली नाही. काही विचारायचं तर फोन, आणि फोन लागला तर नशीब. आपल्या बाजूने बोलायला मिळालं की मी सोडत नाही.

आता या पायरीच्या वरच्या पायऱ्या. अभिप्राय खालच्या कोर्टाचा आहे, पण माडीचं घर बघताना जिना नको का बघायला. आपल्याकडे अमळनेरचा दावा वर चढत चढत संभाजीनगरच्या खंडपीठात आणि तिथून दिल्लीला जातो. त्यांच्याकडे स्मॉल क्लेम्सच्या वर मॅजिस्ट्रेट कोर्टं, त्यांचे दोन थर. जिल्हा कोर्ट दोन लाख रँडपर्यंतचे दावे घेतं, त्याच्या वरचं रीजनल कोर्ट चार लाखांपर्यंत. फौजदारीत जिल्हा मॅजिस्ट्रेट साधारण तीन वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतो, रीजनल पंधरा वर्षांपर्यंत, आणि काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांत जन्मठेपही. खून, बलात्कार खालच्या मॅजिस्ट्रेटकडे चालत नाहीत. पोटगीचं आणि लहान मुलांचं कामही याच इमारतींत चालतं. ज्युरी १९६९ सालीच गेली.

चार लाखांच्या वर हाय कोर्ट. २०१३ च्या कायद्याने सगळं मिळून एकच हाय कोर्ट केलं आणि त्याच्या नऊ शाखा ठेवल्या, प्रांतागणिक एक. यातल्या गाउतेंगच्या शाखेचं, म्हणजे प्रिटोरिया आणि जोहान्सबर्गचं, ऐकून मला फार बरं वाटलं. वाईट बातमीचं बरं वाटू नये, पण वाटलं. दिवाणी खटल्यांना तिथे थेट २०३१ च्या तारखा मिळायला लागल्या होत्या. म्हणून तिथल्या न्यायाधीश-अध्यक्षांनी एप्रिल २०२५ पासून नियम काढला की आधी मध्यस्थाकडे जा, मध्यस्थी करून बघा, मगच खटल्याची तारीख मागा. आमच्या वकीलसाहेबांना ही २०३१ ची गोष्ट मी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा त्यांनीच सांगायला लावली.

त्याच्या वर ब्लूमफाँटेनला सुप्रीम कोर्ट ऑफ अपील. १९१० पासून तिथे अपिलाचं कोर्ट आहे, पूर्वी त्याला अपेलेट डिव्हिजन म्हणत. बाहेरगावचा माणूस नाव वाचून समजेल की हेच शेवटचं. पण शेवटचं ते नाही. शेवटचं जोहान्सबर्गचं कॉन्स्टिट्यूशनल कोर्ट. सुरुवातीला ते फक्त घटनेचे प्रश्न बघायचं. घटनेच्या सतराव्या दुरुस्तीने २०१३ पासून सर्वसाधारण महत्त्वाच्या कायद्याच्या प्रश्नावरही शेवटचा शब्द त्याचाच झाला. म्हणजे मंत्रालय प्रिटोरियाला, संसद केपटाऊनला, अपील ब्लूमफाँटेनला आणि सगळ्यात वरचं कोर्ट जोहान्सबर्गला. जळगाव, धुळे, नंदुरबार अशी आपल्या खानदेशाची विभागणी झाली तेव्हा कोणतं कार्यालय कुठे, यावर केवढं राजकारण झालं. तिकडे अख्ख्या देशाचंच तसं मांडून ठेवलंय.

हे वरचं कोर्ट भाच्याने एका रविवारी बाहेरून-आतून बघितलं आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तुरुंगाच्या जागेवर बांधलंय. जुना फोर्ट तुरुंग, जिथे १९०८ मध्ये गांधीजींना ठेवलं होतं आणि पुढे मंडेलांनाही. खटल्याची वाट बघणाऱ्या कैद्यांची बराक पाडली आणि तिच्याच विटा कोर्टाच्या दालनात लावल्या. न्यायाधीशांच्या मंचाच्या पुढच्या बाजूला गाईचं कातडं लावलंय, प्रत्येक जागेपुढे वेगवेगळ्या ठिपक्यांचं. आणि भिंतीत एक लांबलचक अरुंद खिडकी अशी ठेवलीय की आत बसलेल्याला बाहेरून चालणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. चप्पल आहे, बूट आहे की अनवाणी आहे, तेवढंच. भाच्याने मोबाइल तिथे बराच वेळ धरून ठेवला होता. मी म्हटलं, डेटा जातोय, पुढे चल.

अकरा न्यायाधीश, बसायला कमीत कमी आठ लागतात. बारा वर्षांची एकच मुदत, वयाची सत्तरी झाली तर त्याआधीच घरी. काहींच्या बाबतीत कायद्याने मुदत थोडी वाढते. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी पहिलं प्रकरण ऐकलं ते फाशीचं. देशात फाशी ठेवायची की नाही हे घटना लिहिणाऱ्यांनी ठरवलं नाही, कोर्टावर सोडलं. ६ जून १९९५ ला अकराही जणांनी एकमताने फाशी रद्द केली, आणि अकराही जणांनी आपापलं कारण वेगळं लिहिलं. मी तो निवाडा सॅफलीवर उघडला होता. लांब आहे. सगळा वाचला असं म्हणणार नाही, पण सुरुवातीचा, कोर्टाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर चॅस्कल्सन यांचा भाग सरळ भाषेत आहे, कळतो.

आणि न्यायाधीश नेमायची पद्धत. ज्युडिशियल सर्व्हिस कमिशन म्हणून मंडळ आहे. उमेदवाराला समोर बसवून उघड मुलाखत घेतात आणि ती टीव्हीवर दाखवतात. तुमचा अमुक निवाडा वर फिरला, का फिरला? राखून ठेवलेले निकाल किती महिने पडून आहेत? मी एक मुलाखत पूर्ण बघितली, आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसाला प्रलंबित निकालांचा हिशेब देताना घाम फुटलेला बघून मला जो आनंद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. आपल्याकडे कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाच्या, ठरावाचा एक कागद वाचायला मिळतो. सध्याच्या त्यांच्या सरन्यायाधीश मांडिसा माया, १ सप्टेंबर २०२४ पासून, त्या पदावरच्या पहिल्या महिला. हे सगळं घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, तुम्ही निवृत्त झालात ना? मग वांगी भाजायला घ्या.

दुसऱ्या हप्त्याचं काय झालं ते राहिलंच. वॉरंटचा अर्ज भरायच्या आधी मी भाच्याला म्हटलं, मालकाला एक ओळ पाठव: निकालाची तारीख, थकलेली रक्कम, आणि शेरीफची फी तुमच्या नावावर चढेल. बाकी काही लिहू नको, शिव्या तर अजिबात नको. तीन दिवसांत दुसरा आणि तिसरा, दोन्ही हप्ते एकदम जमा झाले.

खानदेशातली बरीच पोरं आता त्या बाजूला आहेत, ठिबकवाली, पाइपवाली, डाळीच्या व्यापारातली. त्यांच्या आईवडिलांनी एवढं सांगावं: उसने पैसे, डिपॉझिट, बिघडलेली दुरुस्ती, असलं भांडण वीस हजार रँडच्या आत असेल तर हे कोर्ट वापरा. सरकारविरुद्धचा दावा, घटस्फोट, मृत्युपत्राचा वाद, अब्रुनुकसानी इथे चालत नाही, त्यासाठी फेरी मारू नका. भाड्याच्या तंट्याला वेगळं रेंटल हाउसिंग ट्रिब्युनलही आहे, तेही फुकट. घर घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा फोटो काढा, छापून ठेवा, मालकाला पाहणीचं लेखी बोलावणं पाठवा आणि त्याची पोच घ्या. पोच मिळाली नाही तर चावी देऊ नका.